चौथ्या खांबातली खोली

३ नोव्हेंबर

तीर्थरूप मामांना,
नमस्कार.

फोनवर तुम्ही विषय बदलता आणि नंतर ऐकू येत नाही म्हणता, म्हणून लिहिते. आधी जे घडलं ते क्रमाने.

१. नदीवरचा, तुमच्या पलटणीने बांधलेला पूल आता आमच्या खात्याकडे आहे. पलीकडे सिमेंटचा कारखाना होतो आहे. त्याचे अवजड ट्रक या पुलावरून सोडता येतील का, हे तपासून लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. सही माझी असेल.

२. मंगळवारी, २९ ऑक्टोबरला, आम्ही चौथ्या खांबात आडवं ड्रिल लावलं. काँक्रीटचा नमुना काढून तो प्रयोगशाळेत दाबून बघायचा असतो.

३. नव्वद सेंटिमीटरपर्यंत काँक्रीट उत्तम होतं. त्यापुढे ड्रिल एकदम आत गेलं आणि ते थंड ठेवायला सोडलेलं पाणी परत येईना.

४. भोकातून कॅमेरा घातला. समोर सपाट भिंत दिसली. तिच्यावर सेंट्रिंगच्या फळ्यांच्या खुणा होत्या, सरळ आणि एकसारख्या. तळ दिसायच्या आत कॅमेऱ्याची वायर अडकली. ती काढून घेऊन भोकाला तात्पुरतं बूच मारलं.

५. आमच्याकडच्या नकाशात चौथा खांब भरीव आहे.

६. बुधवारी संध्याकाळी तुम्ही आईला फोन केलात. मी कुठे काम करते, सध्या काय चाललं आहे, कामावर सगळं ठीक ना, असं विचारलंत. बाबा गेल्यापासून तुम्ही माझी अशी चौकशी कधी केलेली नाही. आणि या पुलाबद्दल मी आईला काहीच सांगितलेलं नव्हतं.

चौथा खांब बाबांच्या टोळीचा, हे मला लहानपणापासून माहीत आहे. बाबा पलटणीबद्दल फारसं बोलत नसत, पण हे सांगत. त्यांनी सेंट्रिंग लावलं, तुम्ही त्यांचे टोळीप्रमुख होता आणि त्याच कामावर तुम्ही आईचं स्थळ त्यांना सुचवलंत. म्हणून दुसऱ्या कुणाला विचारण्याआधी तुम्हाला विचारते आहे.

भरीव खांबात खोली का आहे? आणि आम्ही ड्रिल लावल्याचं तुम्हाला कुणी कळवलं?

आपली,
भाची


८ नोव्हेंबर

चि. फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, पंचनामाच. लहानपणी शाळेची पट्टी घेऊन माझ्या मिशा मोजायला यायचीस, तेव्हाच मी ताईला म्हटलं होतं की ही पोरगी पुढे कुणाला सुखाने बसू देणार नाही. तेव्हा मला ‘अरे मामा’ म्हणायचीस. आता ‘तुम्ही’ झालो. असो. शिकलेल्या मुलींचं असंच असतं.

फोन केला तो बहिणीची आठवण आली म्हणून. बहिणीची आठवण यायला खात्याची परवानगी लागते का?

तू विचारलंस ते बरंच झालं, कारण पलटण मोडल्यावर आम्हा उरलेल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की कुणीतरी पलटणीचा इतिहास लिहायला हवा, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हा तुझ्यावरच हात साफ करून घेतो.

आमची बांधकाम पलटण लढाई सुरू झाल्यावर घाईघाईत उभी राहिली. गवंडी, सुतार, लोहार, रस्त्यावर खडी फोडणारे, जो हाताला लागला तो घेतला. आधी पोशाख आले, मग बूट, आणि बंदुका सगळ्यात शेवटी. त्याही आम्ही फावड्यांच्या शेडमध्येच ठेवायचो. बंदूकवाले आम्हाला ‘फावडेवाले’ म्हणत. एकदा तपासणीला मोठे साहेब आले, तर बंदुका गंजलेल्या आणि फावडी आरशासारखी. साहेब तापले. म्हणाले, शत्रू समोर आला तर काय त्याच्यासाठी खड्डा खणणार? तुझा बाप रांगेतून म्हणाला, “हो साहेब, त्याच्याच मापाचा.” तीन दिवस त्याला दगड वाहायला लावले. तो म्हणे, नाहीतरी रोज तेच करतो.

पण खरं सांगू का, बंदूकवाले कुठवर जाणार ते आम्हीच ठरवायचो. रस्ता आमचा, पूल आमचा, विमान उतरायची पट्टी आमची, जखमींच्या दवाखान्याचं छप्पर आमचं. पुढे जाताना आम्ही सगळ्यांच्या आधी आणि माघार घेताना सगळ्यांच्या शेवटी. आणि लढाई जिंकल्यावर फोटोत कोण? ज्यांचे बूट स्वच्छ ते. तुझा पूल आम्ही एका उन्हाळ्यात उभा केला, पाणी यायच्या आत. माघारीच्या वेळी या नदीवरचे बाकीचे सगळे पूल पडले, आमचाच तेवढा उभा राहिला. त्याला दैव म्हणतात. त्याचा नमुना काढता येत नाही.

खोलीचं म्हणशील तर जुन्या कामात कुठे पोकळी राहून जाते. घाई होती. तू त्यात डोकं घालू नकोस. बूच मारलंस ते चांगलं केलंस, आता ते सिमेंटने पक्कं करून टाक. आणि यापुढे त्या खांबावर हातोड्याचं मशीन चालवू नका, कोरडं तर अजिबात नाही. काही करायचंच झालं तर पाणी सोडत राहा. नमुना हवा असेल तर दुसऱ्या खांबातून घे, काँक्रीट सगळीकडे सारखंच आहे. मीच कालवून घेतलंय.

ताईला सांग, मी बरा आहे.

तुझा,
मामा


१४ नोव्हेंबर

तीर्थरूप मामांना,
नमस्कार.

पलटणीचा इतिहास आवडला. बाबांचा खड्ड्याचा किस्सा मला माहीत नव्हता. तो मी आईला वाचून दाखवला. आई हसली, आणि मग म्हणाली की घरात मात्र हे गृहस्थ मीठ मागतानासुद्धा दोनदा विचार करत.

आता जे आवडलं नाही ते.

‘जुन्या कामात पोकळी राहून जाते’ असं तुम्ही लिहिलं आहे. काँक्रीट ओतताना राहिलेली पोकळी वेडीवाकडी असते, तिच्या कडेने खडी उघडी पडलेली दिसते. तिला फळ्यांच्या खुणा असलेली सरळ भिंत नसते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणजे ते वाक्य तुम्ही माझी समजूत घालायला लिहिलंत.

दुसरं, हातोड्याचं मशीन आम्ही वापरतो असं मी कुठे लिहिलेलं नाही. पोकळ खांबाला तडा जाईल अशी काळजी असेल तर ती मला समजेल. पण मग कोरडं ड्रिल नको, पाणी सोडत राहा, हे कशासाठी? पाण्याने ठिणगी आणि उष्णता टळते. ठिणगीची काळजी तुम्हाला का वाटते?

तिसरं, तुम्हाला कुणी कळवलं हे तुम्ही सांगितलं नाही. ते मी शोधलं. पुलाच्या अलीकडच्या टोकाला पत्र्याची खोली आहे आणि तिच्यात एक म्हातारा राखणदार राहतो. मी त्याला आमच्या खात्याचा समजत होते. कचेरीत विचारलं, तर पुलांवर राखणदार अशी जागाच आमच्याकडे नाही. तो लष्कराचा असेल असं आमच्या लोकांना वाटत होतं. लष्कराच्या कचेरीत विचारलं, तर त्यांना तो आमचा वाटत होता. इतकी वर्षं तो मधल्यामध्ये राहिला आहे.

त्याने मला चहा दिला. साखर संपली आहे म्हणून माफी मागितली. मी कुणाची मुलगी हे विचारलं. बाबांचं नाव सांगितल्यावर तो उठून उभा राहिला आणि मी बसा म्हणेपर्यंत बसला नाही. ड्रिलबद्दल तुम्हाला त्यानेच फोन केला, हे त्याने लगेच कबूल केलं. का केला, विचारल्यावर म्हणाला की ते साहेबांना विचारा. साहेब म्हणजे तुम्ही.

चौथ्या खांबाला मी सगळीकडून साध्या लहान हातोडीने ठोकून पाहिलं आणि आवाजावरून खोलीची कड खडूने आखली. माणूस ओणवा होऊन आत उभा राहील एवढी ती आहे. बाकीचे खांबही ठोकून पाहिले. ते सगळे भरीव आहेत. पोकळ फक्त चौथा, म्हणजे नदीच्या मधला.

माझे वरिष्ठ म्हणतात, “लष्करवाल्यांनी सिमेंट खाल्लं, दुसरं काय?” त्यांनी ते सगळ्यांसमोर म्हटलं आणि काहीजण हसले. तिथे बाबांच्या टोळीची गोष्ट कुणाला माहीत नाही आणि मी सांगितली नाही. मी अहवालात ‘कारण अज्ञात’ असं लिहिलं. पण घरी आल्यावर मला आठवलं की तुमचं घर पुलाच्या पुढच्याच वर्षी बांधलं गेलं. मनात ठेवून आडून विचारण्यापेक्षा सरळ विचारते. पुलाच्या सिमेंटशी तुमच्या घराचा काही संबंध आहे का? बाबांचा होता का?

‘नाही’ असेल तर नुसतं ‘नाही’ नको. खोली कशासाठी आहे ते लिहा.

आपली,
भाची


२० नोव्हेंबर

चि. सौ. कां. इंजिनीयर बाईंस,

दोन दिवस उत्तर लिहायचंच नाही असं ठरवलं होतं.

माझ्या घराच्या भिंती मातीत रचलेल्या विटांच्या आहेत. तुझी हातोडी घेऊन ये आणि ठोकून बघ. गिलावा पडला तर तुझ्या खात्याकडून लावून दे. उभ्या आयुष्यात मला खूप लोक खूप काही बोलले, पण सिमेंटचोर कुणी म्हटलं नव्हतं. ते बहिणीच्या लेकीच्या हातून व्हायचं होतं. आणि बापाला म्हणतेस? त्या माणसाने कधी पलटणीतला खिळा घरी आणला नाही. खिळे सरळ करून परत डब्यात टाकायचा. आम्ही त्याची टर उडवायचो.

तर ऐक. आम्ही शपथ घेतली होती, म्हणून बोललो नाही. आता पलटणच राहिली नाही, तर शपथ कुणाशी पाळायची?

तुझ्या पुस्तकात पूल कसा उभा राहतो ते असतं. आमच्याकडे नियम होता की पूल बांधायला घेतला की तो पाडायची सोय आधी करायची. शत्रू आपल्याच पुलावरून आपल्या अंगावर येऊ नये म्हणून. मधल्या खांबात एक खोली ठेवायची. वरून, रस्त्याच्या खालच्या बाजूने, आत उतरायला तोंड. वेळ आली की आत स्फोटकं रचायची, तोंडातून वायर बाहेर काढायची, आपली माणसं पूल ओलांडून आली की वायरला जोडलेल्या पेटीची मूठ फिरवायची. मधला खांब गेला की दोन्ही बाजूचा पूल नदीत. तिला आम्ही सुरुंगाची खोली म्हणायचो. नकाशात ती कधीच दाखवायची नाही. नकाशा शत्रूच्या हाती लागतो.

ही खोली बांधायचं काम सगळ्यात चांगल्या सेंट्रिंगवाल्याला द्यायचे. कारण आत दमट राहून चालत नाही, भिंत अशी हवी की थेंब झिरपणार नाही. तुझ्या बापाला दिलं ते त्यामुळे. त्याने आतल्या भिंती अशा काढल्या की साहेब आत उतरून म्हणाले, इथे तर राहायला यावं. आणि तू म्हणतेस सिमेंट खाल्लं.

आता कळलं ना? लढाई संपली, पूल तुमच्या खात्याला द्यायचा होता, तेव्हा तोंड काँक्रीटने बंद केलं. तेही तुझ्या बापानेच. त्यानंतर आत कुणी गेलं नाही. जायचं कारण नाही. ती रिकामी आहे. पहिल्यापासून रिकामीच होती. आमच्यावर तिच्यात काही भरायची वेळच आली नाही.

राखणदाराला घरदार नाही. पुलाजवळ राहायला आवडतं, राहतो. त्यात तुझ्या खात्याच्या पोटात का दुखावं?

भोक बुजव, ट्रकांच्या कागदावर सही कर. चौथा खांब तुझ्या कारखान्याचे ट्रक सहज पेलेल, माझा शब्द आहे. वरिष्ठांना खोलीचं कारण सांगायचं तर सांग, पण ताईला नको. तिला उगाच काहीतरी वाटत राहील.

मामा


२७ नोव्हेंबर

तीर्थरूप मामांना,
नमस्कार.

हे पत्र आमच्या जीपचा ड्रायव्हर तुम्हाला हातात देईल. टपालावर सोडण्यासारखं ते नाही. सोमवारपासून मी तुम्हाला वरचेवर फोन केला, तुम्ही उचलला नाही.

सिमेंटचं मी चुकीचं समजले होते. तुमची आणि बाबांची माफी मागते. तुमच्या घरी येईन तेव्हा हातोडी आणणार नाही.

तुमचं पत्र वाचून मला बरं वाटलं होतं. मी अहवालाचा मसुदाही केला: खोली लष्करी कारणासाठी, रिकामी, काँक्रीटने भरून घ्यावी. सही करण्याआधी मी फक्त एक गोष्ट तपासायची ठरवलं. खोली कायम रिकामी होती, तर तिच्यासाठी एक माणूस आयुष्यभर पत्र्याच्या खोलीत का राहील? म्हणून मी राखणदाराकडे परत गेले. साखर घेऊन गेले.

तो दारात बसून बटाटे सोलत होता. मी त्याला सांगितलं की मामांनी मला सुरुंगाच्या खोलीचं सांगितलं आहे. हे खरंच होतं. तुम्ही किती सांगितलंत हे त्याने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. त्याला वाटलं, मला सगळंच माहीत आहे. मग तो मोकळेपणाने बोलला. बरेच दिवस कुणाशी बोललेला नसावा.

माघारीच्या त्या संध्याकाळी मुठीची पेटी त्याच्याकडे होती. पूल पाडायचा हुकूम आला होता. पेटी अलीकडच्या काठावर, दगडांच्या आडोशाला ठेवली होती. हुकूम येण्याच्या थोडं आधी बाबा वायर नीट आहे का बघायला पुलाखाली गेले आणि हात पुसत वर आले. मग तुम्ही इशारा केलात. त्याने मूठ फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा काही नाही. बाबा त्याच्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, “वायर ओली झाली असेल.”

मी विचारलं, त्या वेळी पुलावर कुणी होतं का.

त्याने हातातला बटाटा खाली ठेवला. “पूल भरून माणसं होती,” तो म्हणाला. “गाड्या, म्हाताऱ्या, कडेवर मुलं. पलीकडच्या गावांतून निघालेली. आमची माणसं कधीच अलीकडे आली होती.”

मग म्हणाला की तेवढ्यात शत्रू अडला, चार दिवसांत तह झाला आणि कुणी पुन्हा विचारलं नाही. त्या वर्षी पाऊसच झाला नव्हता, हेही त्याने स्वतःहून सांगितलं. वायर ओली कशी होईल, हे मला विचारावं लागलं नाही.

मामा, रिकाम्या खोलीसाठी कुणी मूठ फिरवत नाही. खोली भरलेली होती. बाबांनी वायर तोडली. आणि तुम्हाला ते त्याच संध्याकाळी कळलं असणार, कारण वायर तपासायचं काम टोळीप्रमुखाचं असतं.

पुढचं मी जुळवलं आहे ते असं. चुकत असेन तर दुरुस्त करा. तह झाल्यावर स्फोटकं बाहेर काढायला हवी होती. पण बाहेर काढायची म्हणजे वरून माणसं येणार, वायरचं टोक बघणार, आणि ते ओलं नसून पक्कडीने तोडलेलं आहे हे त्यांना कळणार. हुकूम मोडणाऱ्याला त्या वेळी काय शिक्षा होती, हे तुमच्या इतिहासात लिहा. म्हणून स्फोटकं काढलीच नाहीत. ‘भरलीच नव्हती’ असं वर कळवलं आणि तोंड काँक्रीटने बंद केलं. ज्याने मूठ फिरवली त्याला तुम्ही राखणीला बसवलंत, आणि तो बसला.

आईला मी काहीच सांगितलेलं नाही. फक्त एक विचारलं, की तुमच्या घरी जाताना आपण नेहमी वरच्या गावावरून वळसा घालून का जायचो. पुलावरून गेलं तर तासाचा रस्ता, आणि आम्ही अर्धा दिवस बसमध्ये काढायचो. बाबा म्हणायचे, पुलाच्या रस्त्याला खड्डे आहेत, मला मळमळतं. आई म्हणाली, “त्यांना माझ्या माहेरचा रस्ता कधी सापडलाच नाही.” तिला वाटतं, तुमचं आणि बाबांचं कशावरून तरी वाजलं होतं आणि दोघांनी ते तिच्यापासून लपवलं. बाबा गेले तेव्हा तुम्ही उशिरा पोचलात, हे तिने अजून मनातून काढलेलं नाही. पुलावरून आला असतात तर वेळेवर पोचला असतात. तुम्हीही वळसा घालून आलात, हो ना?

तुम्ही दोघांनी स्वतःला त्या पुलापासून लांब ठेवलंत, आम्हालाही ठेवलंत. बाकी सगळ्यांना जाऊ दिलंत. रोज सकाळी शाळेची बस जाते. मी तिथे उभी राहून किती वेळा ती मोजली आहे, वाहतुकीचा अंदाज काढायला. बाबांनी एका संध्याकाळी पूल भरून माणसं वाचवली. तुम्ही बाबांना वाचवलंत. त्यानंतर जी माणसं त्या खोलीवरून गेली, त्यांचा विचार कुणी केला? याचा राग यावा की बाबांचा अभिमान वाटावा, हे मला ठरवता आलेलं नाही. सध्या त्याला वेळही नाही.

मी काय केलं आहे ते तुम्हाला माहीत असावं. सोमवारी पूल सगळ्या वाहतुकीला बंद केला. पाटीवर ‘तपासणीसाठी’ असं लिहिलं आहे. वरिष्ठ चिडले, कारखान्याचे लोक येऊन बसले. मी त्यांना खोलीत स्फोटकं असण्याची शक्यता लेखी दिली. ती कशावरून वाटते हे विचारल्यावर मी म्हटलं, की ते काम केलेला एक माणूस जिवंत आहे. तुमचं नाव सांगितलेलं नाही. राखणदाराला पत्र्याच्या खोलीतून हलवून गावातल्या विश्रामगृहात ठेवलं आहे. तो जायला तयार नव्हता. पहारा आता कोण करणार, असं विचारत होता. मी म्हटलं, मी.

स्फोटकं निकामी करणारं पथक गुरुवारी, ५ डिसेंबरला येत आहे. पथकाची प्रमुख माझ्याच वयाची आहे. काल ती जागा बघून गेली. वरून काँक्रीट कापून ती स्वतः आधी आत उतरणार आहे. तिने मला एकच प्रश्न विचारला: वायर तोडल्यावर आतले डिटोनेटर कुणी काढले होते का? जुनी स्फोटकं ती हाताळू शकते, पण डिटोनेटर अजून त्यांच्यात खोचलेले असतील, तर काँक्रीट कापायची पद्धतच बदलावी लागेल. मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, “ज्याला माहीत आहे त्याला विचारा. मी अंदाजावर आत जात नाही, पण हुकूम असेल तर जावं लागतं.”

हुकुमाचं हे वाक्य तुम्हाला ओळखीचं वाटेल.

तोंड बंद करण्याआधी शेवटचं आत कोण उतरलं होतं? डिटोनेटर काढले की तसेच ठेवले? स्फोटकं कोणत्या भिंतीला लावून रचली आहेत, पेट्यांत आहेत की मोकळी, आणि वायरचं आतलं टोक कुठे आहे? जे आठवत असेल ते लिहा, जे आठवत नसेल ते ‘आठवत नाही’ असं लिहा. अंदाजाने काही भरू नका. आणि साधी आकृती काढा, मापं चुकली तरी चालतील. आकृतीखाली सही नसली तरी मी ती घेईन. मात्र बुधवारी पथकाला मला नाव सांगावं लागेल, तुम्ही उत्तर दिलंत तरी आणि न दिलंत तरी. हे तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिते आहे.

बाबांचं नावही त्यात येईल. आईला मी उद्या सांगणार आहे. ती तुम्हाला फोन करेल. तेवढा उचला.

जीप मंगळवारी, ३ डिसेंबरला दुपारी तुमच्या दारात परत येईल. त्या दिवशी उत्तर ड्रायव्हरच्या हाती द्यावं, ही विनंती.

आपली,
भाची